एकच तारा

साबणवाली आली तेव्हा आक्का खिडकीशी उभी राहून पेन्सिलीला टोक काढत होती. पाहुणीने खुर्चीत बसायच्या आधीच फोन टेबलावर ठेवला.

"माझ्या धंद्यावर कोण उठलंय, तेवढं मला शोधून द्या."

आक्काने अर्धं आयुष्य विमा कंपनीत खोटे दावे पकडण्यात घालवलं होतं. आता तेच काम ती स्वतःच्या पाटीखाली करायची. सोबतीला मास्तर असायचे. ते निवृत्त चित्रकला शिक्षक, ऑफिसमागच्या खोलीत एकटे राहत. घरी बसून भिंती मोजण्यापेक्षा हे बरं, असं ते म्हणायचे. त्यांना फारसं काही उलगडायचं नाही, पण दिसायचं सगळं.

"पहिल्यापासून सांगा," आक्का म्हणाली.

साबणवालीचा नवरा जहाजावर असायचा. घरी ती आणि थोरली जाऊ. दीर गेल्यापासून जाऊबाई तिच्याकडेच राहत. दोघींनी स्वयंपाकघरात साबण करायला घेतला.

"जाहिरात परवडणारी नव्हती. फोन डब्याला टेकवायचा, सकाळच्या उजेडात साबणाची लादी कापताना व्हिडिओ काढायचा आणि पेजवर टाकायचा. गिऱ्हाइकांना म्हणायचे, दोन ओळी लिहा. कितीकांचं तर खातंच नव्हतं. मी शेजारी बसून उघडून दिलं."

"आणि चाललं?"

"पळालं. आधी मी स्वतः घरोघर द्यायचे, खाकी कागदात सुतळी बांधून. मग छापील डब्या आल्या, कुरिअर लावलं. त्यानंतर रोजमेरीचा साबण विक्रीला काढला, तो तर हातोहात गेला." तिने फोन पुढे सरकवला. "आणि मग हे सुरू झालं."

नवीनच उघडलेली, फोटो नसलेली तीन खाती. तिन्हींनी एकच तारा दिलेला. आक्काने मोठ्याने वाचलं.

"'साबण उत्तम, पण कुरिअरने वडीचा कोपरा मोडला. पसारा वाढला की असं होतं.' दुसरा. 'रोजमेरीची वडी. खाकी कागदाला सुतळी बांधलेली, आत वडी घामेजलेली. घाईघाईत माल काढू नये.' आणि तिसरा. 'बाई कष्टाळू आहेत. त्यांनी ओळखीच्या चार घरांपुरतंच करावं.'"

"एका अतिथिगृहाची मोठी ऑर्डर ठरत आली होती. त्यांनी हे वाचलं आणि नंतर कळवतो म्हणाले. ते नंतर काही उजाडलं नाही."

"संशय कुणावर?"

"जाऊबाईंवर. घर असं जगाला दाखवू नये, म्हणून त्या सारख्या कुरकुरायच्या. मी तोंडावर विचारलं, तुम्हीच लिहिलंत ना? त्या काही बोलल्या नाहीत. पिशवी भरली आणि बहिणीकडे गेल्या. आता हजारो लोक पेज बघतात आणि घरात 'जेवलीस का' विचारायला कुणी नाही."

मास्तर खिडकीबाहेर बघू लागले.

"रोजमेरी विक्रीला काढायच्या आधी कुणाला दिली होती?" आक्काने विचारलं.

"तिघांना, नमुना म्हणून. जाऊबाईंना, आमचा फोटोवाला आहे त्याला, आणि चष्मेवाल्या काकांना. काका माझं पहिलं गिऱ्हाईक, त्यांचं खातंही मीच उघडून दिलं."

आधी त्यांनी गावातल्या दुसऱ्या साबण करणारीला गाठलं. तिचंही पेज होतं, पण तिकडे कुणी फिरकत नव्हतं. तिने तिन्ही अभिप्राय वाचले आणि फोन परत दिला.

"मी लिहिलं असतं तर साबणालाच नावं ठेवली असती. अंगाला खाज सुटली, असं काहीतरी. इथे तर उत्तम म्हटलंय. असली कसली दुश्मनी?"

फोटोवाला त्याच्या स्टुडिओत दिवे पुसत होता.

"साबणवालीशी माझं भांडण झालं, खरं आहे. मी म्हणत होतो, थोड्या पैशांच्या जाहिराती दे, मी करून देतो. ती म्हणाली, फुकटात चाललंय ते चालू दे. पण म्हणून मी तिचं वाईट करीन?"

"रोजमेरीची वडी कशी होती?"

"अजून डबीतच आहे. डबीचाच फोटो काढायचा होता ना. बघा, उघडलेलीसुद्धा नाही."

जाऊबाई बहिणीच्या घरी मागच्या ओसरीत कपड्यांच्या घड्या घालत होत्या. त्यांनी मास्तरांना बसायला पाट दिला आणि स्वतः उभ्याच राहिल्या.

"मला फोन उचलता येतो आणि ठेवता येतो. त्यापलीकडचं काही येत नाही. ते तिला ठाऊक आहे."

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"माझ्या तोंडून ऐकायची वेळ यावी, एवढं परकं झालं का नातं?" त्यांनी घडी मोडून पुन्हा घातली. "रोजमेरी ना? फळीवरून उचलून तशीच उघडी हातात दिली तिने. आपल्याच घरात कोण कागद गुंडाळतं?"

चष्मेवाले काका स्वतःच्या चष्म्याच्या बंद दुकानाच्या वरच्या मजल्यावर राहत. समोरच्या भिंतीवर नजर तपासायचा जुना तक्ता अजून होता, खालच्या ओळीकडे बारीक होत गेलेली अक्षरं. दार उघडल्याबरोबर त्यांनी गॅसवर आधण ठेवलं, कोण आलंय हे नंतर विचारलं.

"साबणवाली ना? गुणी पोर. दर गुरुवारी यायची. माझ्या हाताला कंप आहे, डबी उघडत नाही, म्हणून शेवटच्या खेपेला मुद्दाम कागदात बांधून आणलं तिने. तास तास बसायची. आता कुरिअरवाला घंटी दाबतो आणि मी दाराशी जाईपर्यंत पसार."

मास्तर हात धुवायला गेले. बेसिनवर हिरवट वडी ठेवलेली होती, न वापरलेली, खाली खाकी कागद नीट पसरलेला. सुतळीची गुंडाळी बाजूला. येऊन त्यांनी जसं दिसलं तसं हळूच आक्काच्या कानावर घातलं. आक्का टेबलावरच्या टॅबकडे बघत होती.

"मुलीने पाठवलाय," काका म्हणाले. "ती लांब असते. त्यात तोंड दिसतं तिचं."

जिना उतरताना मास्तर म्हणाले, "भला माणूस. उगाच त्रास दिला आपण."

आक्का म्हणाली, "उद्या दोघी जावांना इथेच बोलवू. जाऊबाईंना आणायचं काम तुमचं."

दुसऱ्या दिवशी काकांच्या बाहेरच्या खोलीत साबणवाली खुर्चीवर बसली होती, जाऊबाई दाराच्या चौकटीला टेकून उभ्या. दोघी एकमेकींकडे बघत नव्हत्या. काकांनी कपबशा मांडल्या, चांगल्यातल्या.

"लिहिणारी खाती तीन, माणूस एक," आक्काने सुरुवात केली. "तिन्हींत तक्रार एकच. साबण चांगला, बाई चांगल्या, वाईट काय तर कुरिअर आणि वाढलेला पसारा. धंद्यातली स्पर्धक असं लिहीत नाही, हे तिनेच सांगितलं. हा राग साबणावर नाही, धंदा मोठा झाला त्याच्यावर आहे."

"ते तर जाऊबाईंनाही आवडत नव्हतं," मास्तर हळूच म्हणाले.

"नव्हतं. म्हणून दुसरा अभिप्राय बघा. खाकी कागदातली रोजमेरी. पण विक्रीतली प्रत्येक रोजमेरी डबीतून गेली, कारण ती काढलीच डब्या आल्यावर. मग लिहिणाऱ्याने ती कागदात पाहिली कुठे? नमुन्याच्या तीन वड्या. फोटोवाल्याची डबीत होती, आहे. जाऊबाईंना उघडी मिळाली. स्पर्धकाला मिळालीच नाही." ती काकांकडे वळली. "तिसरी तुमच्या बेसिनवर आहे, काका. कागदासकट. खातं कसं उघडायचं, हे हिने ज्यांना शेजारी बसून शिकवलं, त्यातले एक तुम्ही. एक उघडता आलं की तीन उघडता येतात."

काकांनी हातातली बशी खाली ठेवली.

"घामेजलेली नव्हती वडी," ते म्हणाले. "ते मी खोटं लिहिलं. चांगली होती."

"का, काका?" साबणवालीने विचारलं.

"पहिलं लिहिलं तेव्हा वाटलं, माझी भाषा ओळखशील, निदान काय झालं ते बघायला येशील. तू उत्तर पाठवलंस. 'क्षमस्व, आपला ऑर्डर क्रमांक कळवा.'" ते तक्त्याकडे बघत राहिले. "सगळ्यांना पाठवतेस तेच. मग वाटलं, काम थोडं कमी झालं, तर पुन्हा हातात पिशवी घेऊन निघशील."

"तुमच्यापायी मी जाऊबाईंना घराबाहेर काढलं," साबणवाली म्हणाली. "माझी ऑर्डर गेली ते एक वेळ सोडा. यांना काढलं मी."

काकांनी टॅब जवळ ओढला. कंप पावणाऱ्या बोटाने, एकेक अक्षर शोधत, त्यांनी स्वतःच्या नावाने लिहिलं, की ते तिन्ही अभिप्राय आपले होते आणि खोटे होते. मग ते तिन्ही पुसले. कुणी मदत केली नाही, त्यांनीही मागितली नाही.

साबणवाली उठली. "मी गुरुवारी यायची नाही, काका. येईन म्हटलं तर तेही खोटंच होईल. मला वेळ नसतो."

"माहीत आहे," काका म्हणाले.

ती दाराशी आली. जाऊबाई अजून तिथेच होत्या.

"ताई," ती म्हणाली.

"फळीवरच्या वड्या उलटल्यास का?" जाऊबाईंनी विचारलं.

"नाही."

"खालून ओल्या राहतील. चल."

दोघींची पावलं जिन्यावरून उतरत गेली, आधी पुढेमागे, मग बरोबरीने. आक्काने पर्स उचलली आणि मास्तरांकडे पाहिलं. मास्तर हलले नाहीत. दार अर्धवट लोटून ती गेली.

काका कपबशा गोळा करू लागले. एकाही कपातला चहा कुणी घेतला नव्हता. मास्तर अजून खुर्चीत आहेत, हे त्यांच्या जरा उशिराच लक्षात आलं.

"तुम्ही का थांबलात?"

मास्तरांनी निवलेला एक कप स्वतःकडे ओढला.

"मला घाई नाही," ते म्हणाले.