रूबिकंड पाणी

गुरुवारी सकाळी पालिकेच्या माणसांनी वर्तकनगरातल्या एका सोसायटीच्या टाकीला सील ठोकलं. निनावी तक्रार होती, टाइप केलेली, इंग्रजीत. आमच्या नळाला ‘रूबिकंड’ पाणी येतं, म्हणे. पत्रावर पालिकेचा शिक्का मंगळवार सकाळी दहाचा.

रूबिकंड म्हणजे लालसर. असले शब्द एकाच माणसाला येतात, असं सगळ्यांनी धरून टाकलं. ते म्हणजे तळमजल्याच्या खोलीत चौदा वर्षं फुकट वाचनालय चालवणारे आणि तिथल्या फळ्यावर मुलांना इंग्रजी शब्द शिकवणारे निवृत्त शिक्षक उत्तमसर. सेक्रेटरी सुशांतने लगेच ग्रुपवर टाकलं: ‘रविवारी सभा. वाचनालय बंद. बारा फूट चार इंच बाय दहाची खोली सोसायटीच्या ऑफिससाठी.’

सोसायटीतल्याच जागृतीचं डोकं सणकलं. ठाण्याच्या कोर्टात ती कारकून होती, पण इंग्रजी शिकलेली याच खोलीत. ती तडक सरांकडे गेली.

“सर, हा शब्द फळ्यावर कधी लिहिलात?”

“सोमवारी दुपारी. पहिल्या दिवशी फक्त शब्द आणि अर्थ. लेखक तो कसा वापरतात, ते दुसऱ्या दिवशी.”

“मग मंगळवारी काय सांगितलंत?”

“की हा बहुधा चेहऱ्याचा शब्द आहे. खाऊनपिऊन सुखी, गालांवर लाली चढलेला माणूस. जुन्या इंग्रजी कादंबऱ्यांत खानावळवाले असतात तसा.”

“किती वाजता?”

“संध्याकाळी पाचला.”

“सोमवारी कोण आलेलं?”

“सोमवारी सुट्टी. मुलं नाहीत. सुशांत तेवढा संध्याकाळी मापाची टेप घेऊन आला होता.”

पुढचे दोन दिवस जागृतीनं लोकांना समजवायचा प्रयत्न केला. कुणी ऐकेना. बादल्या वाहून सगळे वैतागले होते, आणि राग काढायला सर आयते सापडले होते.

रविवारी सभेत ती उभी राहिली.

“सुशांतदादा, वाचनालयात शेवटचे कधी गेलेलात?”

“मी? वर्षभर पाय नाही ठेवला.”

“मग चार इंचांपर्यंत माप कुठून आलं?”

सुशांत हातातले कागद चाळू लागला.

“पत्र लिहिणाऱ्याला अर्थ माहीत होता, वापर नाही,” जागृती म्हणाली. “सर पाण्याला हा शब्द लावणारच नाहीत. मुलांनी तो फळ्यावर पाहिला मंगळवारी पाचला, पत्र पोचलं सकाळी दहाला. सोमवारी तो वाचणारा एकच माणूस होता. अवघड इंग्रजी घातलं की नाव सरांचंच येणार, हे तुम्ही ओळखलंत.”

“अरे, ऑफिसला जागा नकोय का?” सुशांत उसळला. “मागून दिली असती यांनी?”

“तू मागितलीस कधी?” सर म्हणाले.

खोली सरांकडेच राहिली. लोक ओशाळून हसले, कुणी टाळ्या वाजवल्या. सर मात्र हसले नाहीत.

“चौदा वर्षं तुमची मुलं माझ्याकडे येतात,” ते म्हणाले. “या चार दिवसांत एकानंही येऊन विचारलं नाही, ‘सर, तुम्ही लिहिलंत का?’”

जागृतीनं मान खाली घातली. तिनंही विचारलं नव्हतं.