नायर नदीवर दोघांत एक काठी

फेक १

गळ पाण्यात पडायला हवा होता. तो मागे कुणाच्या तरी सॅकमध्ये अडकला.

"सॉरी! सो सॉरी!" मी ओरडले. मग हळूच, स्वतःशी, "मेल्या, एवढ्या डोंगरात इथेच उभं राहायचं होतं?"

"वाटेवरच होतो मी," सॅकवाला म्हणाला. मराठीत!

मी दचकून दोरी ओढली. जोरात. माझ्या काठीचं टोक कटकन मोडलं.

फेक नाही

मी गुंजन, रत्नागिरीची. इकडे परदेशात, वॉटरफोर्डला एम.एस्सी. केलं, मग चौदा महिने नोकरी शोधली. एकाहत्तर नकार आले. मंगळवारचं भारतात परतायचं विमान होतं. त्याआधी शुक्रवार ते रविवार, पाठीवर तंबू घेऊन कॉमराच्या डोंगरांत, नायर नदीवर एकटी आले होते… एक ट्राउट पकडायला. स्वतःच्या हातांनी. हा देश मला काही देत नव्हता. मग एक मासा मी घेणारच होते.

तो सॅकवाला निमिष. नागपूरचा, नोकरी इकडेच, सँडीफोर्डला. चार वर्षं गळ टाकत होता.

"माझी काठी आहे," तो म्हणाला. "दोघांत एक. दहा फेका तुझ्या, दहा माझ्या. मासा लागला की काठी दुसऱ्याकडे."

"शिकवायचं नाही."

"नाही शिकवत."

"हसायचं नाही."

"ते… प्रयत्न करतो."

फेक ४३

शनिवार. माझी पिसांची खोटी माशी पुन्हा काटेरी झुडपात. निमिष उठला, बोटं ओरबाडून घेत ती सोडवली, माझ्या तळहातावर ठेवली.

"काही म्हणालास?"

"'ग्रँड' म्हणालो, एवढंच. इकडचं 'छान चाललंय'."

त्याने खालचा ओठ दातांत धरला होता. सल्ला आत दाबून ठेवलेला माणूस इतका छान दिसतो, हे मला माहीत नव्हतं.

फेक ११६

"दहा," असं म्हणून त्याने काठी माझ्या हातात दिली.

"सहा झाल्या."

"दहा झाल्या गं."

"मी स्टॅटिस्टिक्स शिकलेय, निमिष."

तो वाकून बुटाची नाडी बांधू लागला.

"दया नकोय मला!"

"दया नाही…" तो पाण्याकडे बघत म्हणाला. "काठी हातात असली की नदीकडे बघावं लागतं. तुझ्याकडे बघता येत नाही."

पाऊस भुरभुरत होता. माझे कान मात्र तापले.

"उरलेल्या चार टाक," मी म्हणाले. "मी मोजते. मोठ्याने."

सात — 

आठ — 

नऊ, आणि काठी वाकली. मासा त्याला लागला. तांबूस, अंगभर ठिपके. तो इतका ओशाळला, की माशाला सोडायच्या आधी मलाच "सॉरी" म्हणाला. मला रडायचं होतं. मी हसले.

"आण ती काठी इकडे."

फेक २०८

रविवार, साडेतीन. चार-चाळीसची शेवटची बस पुलावरून जाते, पूल तासाभरावर. निमिषने दोघांचे तंबू बांधून ठेवले होते.

"एकदाही थांब म्हणाला नाहीस," मी पाठमोरीच म्हणाले.

"म्हटलं असतं तर थांबली असतीस?"

"नाही."

"म्हणून नाही म्हटलं. पण…"

"पण काय?"

"मंगळवारी विमानतळावर येणार आहे मी. बोलावलं नाहीस तरी."

फेक २०९

कोपरापर्यंत हिसका.

"निमिष!"

"बघतोय."

"हात लावू नकोस!"

"खिशात आहेत हात. दोन्ही."

दोरी दगडाकडे गेली. मी गुडघाभर पाण्यात उतरले, घसरले, बसले, उठले. काठी सोडली नाही. शेवटी मासा ओंजळीत आला… वीतभरसुद्धा नाही! एवढ्या लहानाला परत सोडायचं असतं. सोडला. शेपटी हलवून काळ्या पाण्यात गेला.

"लहान होता," मी म्हणाले.

"हो."

"पण पकडला."

"तूच पकडलास."

मी तशीच निथळत उभी राहिले. व्हिसाचे अजून दहा महिने होते. नोकरी नाही म्हणून ते फेकून द्यायला निघाले होते मी. कुणीही हाकललेलं नसताना.

"मंगळवारी विमानतळावर येऊ नकोस."

त्याचा चेहरा पडला. "बरं…"

"मी नसेन तिथे. तिकीट रद्द करतेय. पुन्हा अर्ज करणार. बाहत्तरावा नकार आला तर येऊ दे."

तो एक पाऊल पुढे आला.

"तुझ्यासाठी नाही हं," मी म्हणाले.

"नाहीच. कळतंय."

"म्हणजे… तुझ्यासाठीसुद्धा."

त्याने खिशातून हात काढले. माझे गारठलेले होते, माशाचा वास येत होता. तरी त्याने ते धरले, गालाला लावले, आणि मी ते काढून घेतले नाहीत.

खूप वेळाने खाली दूरवर, पुलावरून बस गेली. आम्ही दोघांनीही ती बघितली. घाई कुणालाच नव्हती.