करंगळीशेजारची मोकळी जागा

मोठी काच न्यायला दोन माणसं लागतात, आणि एकदा उचलली की कुणालाच हात सोडता येत नाही. नाक खाजलं तर खाजू द्यायचं. आमच्या कारखान्यातला हा पहिला धडा. त्या दुपारी एका टोकाला मी होतो, दुसऱ्या टोकाला पॅकिंगवाल्या बाई. माझ्या उंचीची काच उभी धरून आम्ही रॅककडे निघालो होतो.

सुपरवायझर वाटेत आडवा आला. माल उशिरा निघाल्याचा राग त्याला कुणावर तरी काढायचाच होता. माझ्या उजव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट याच कारखान्यात, कटिंगच्या टेबलावर गेलंय. काचेतून त्या मोकळ्या जागेकडे बघत तो म्हणाला, "काम चार बोटांचं आणि पगार मात्र पाच बोटांचा घेतोस."

लोक हसले. मी नेहमीसारखा राग गिळला. इतक्या वर्षांत इतका गिळलाय, की खरं तर डबा न्यायची गरज पडू नये.

तेवढ्यात फाडकन आवाज झाला. सुपरवायझर गाल धरून मागे कोलमडला. तो काचेच्या पलीकडे होता. माझे दोन्ही हात काचेवर होते. उजवा तळवा मात्र झणझणत होता.

चौकशीला एचआरच्या मॅडम बसल्या. कामाच्या जागी हात उगारणं म्हणजे गंभीर गैरवर्तन, त्याला ताकीद नसते, थेट बडतर्फी असते, हे त्यांनी आवाज न चढवता सांगितलं. कॅमेऱ्यात काचेवरच्या चमकेशिवाय काही दिसत नव्हतं. मी काही केलं नाही म्हणत मी हातापाया पडलो. लाज सोडून रडलो. या वयात, बोट तुटलेल्या आणि मारकुटा म्हणून हाकललेल्या कारागिराला दारात तरी कोण उभं करणार?

पॅकिंगवाल्या बाई खरं तेच बोलल्या. "भाऊंचे दोन्ही हात काचेवर होते. मी समोरच होते ना."

"मग हे काय?" मॅडमनी विचारलं.

आठवडा उलटला होता, तरी सुपरवायझरच्या गालावरचे वळ ताजे होते. दोन बोटं, मग मोकळी जागा, मग करंगळी. कंपनीच्या डॉक्टरांनी मला हात त्या गालाजवळ धरायला लावला. सुपरवायझर डोळे मिटून थरथरत होता. तो नाटक करत नव्हता, हे मला कळत होतं. हात तंतोतंत जुळला. त्या क्षणी मलाही माझी भीती वाटली.

संध्याकाळी गेटवर ओळखपत्र जमा केलं. बाई मागून आल्या.

"भाऊ, एक गोष्ट आत बोलले नाही मी."

"काय?"

"तो आवाज झाला ना, तेव्हा काचेचा सगळा भार माझ्याकडे आला होता. क्षणभरच. तुम्ही दिसत होतात, तुमचे हात दिसत होते. पण त्या टोकाला कुणीच धरलेलं नव्हतं."

एवढं बोलून त्या मला लांबून वळसा घालून निघून गेल्या.

घरी बायकोने चहाचा कप हातात दिला. "माफी मागून मोकळं व्हायचं होतं हो. नोकरी तरी वाचली असती."

"जे केलंच नाही त्याची माफी?"

ती ओट्याकडे वळली. मुलगी समोर बसली होती. तिला मी आजवर कधी टपलीसुद्धा मारलेली नाही. हे मी आधीच सांगितलं पाहिजे.

"बाबा," ती म्हणाली, "निदान आमच्याशी तरी खोटं बोलू नका."

राग आला. एवढासाच. मी कप दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि मनातल्या मनात म्हणालो, नको, नको, हिला नको.

तळवा झणझणला.

"काय वाजलं गं?" बायकोने पाठमोरं राहूनच विचारलं.

कपातला चहा हललाही नव्हता. मुलगी माझ्या हातांकडे बघत होती.

"काही नाही, आई," ती म्हणाली, आणि तिने केस गालावर ओढून घेतले.