कोरडी गाठ

दार उघडलं तसा गार वारा आत आला आणि वाऱ्यामागून एक उंच माणूस. चौकटीवर डोकं आपटलं तसा तो कळवळला.

"मासेमारीचं सामान इथंच मिळतं ना?"

"मिळतं. टेंगळावरचं मलमही मिळतं," ठकी म्हणाली.

तो हसला, पण हसू टिकलं नाही. "मी माशांचा डॉक्टर. तळ्यातल्या त्या मोठ्या कार्प माशाच्या अंगावर डाग दिसला म्हणून मला पाठवलंय."

आता ठकीचंही हसू मावळलं. डागाची गोष्ट तळ्याकाठी सगळ्यांना ठाऊक होती. आज मासा तपासून झाला नाही, तर रोगच आहे असं धरून उद्या तळं उपसणार होते. एकही मासा ठेवणार नव्हते. तळाशी झाडं बुडालेली, त्यामुळे जाळं टाकायची सोय नाही. आणि तळं गेलं, तर बापलेकीचं हे दुकान कुणासाठी उघडायचं?

"सकाळपासून बसलोय," डॉक्टर म्हणाला. "नावडता पाहुणा दिसावा तसा तो गळाकडे बघतो आणि तोंड फिरवतो."

"दाखवा बघू." त्याची गळाची काठी हातात घेऊन ठकीनं कपाळाला हात लावला. "अहो, हा दोरा की दोरखंड? थंडीत पाणी काचेसारखं होतं. त्याला सगळं दिसतं. त्यात भूक बेताची."

तिनं बारीक, बिनरंगी तंगुसाचा दोरा काढला, लांब तुकडा तोडून काठीच्या रिळावरच्या दोऱ्याला जोडला. दुसऱ्या टोकाला छोटा गळ बांधला. गळाखाली दोऱ्याचं बोटभर टोक मोकळं सोडून त्यात मक्याचा एकच दाणा ओवला.

"दाणा गळातच का नाही खोवला?"

"तो आधी तोंडात ओढून चाखतो. टोचलं की थुंकतो. नुसता दाणा लागला की विश्वासानं आत घेतो… मागून गळ जातो."

"म्हणजे फसवणूक!"

"त्याच्याच भल्यासाठी हो!"

तो नीट बघायला आणखी वाकला. शेवटची गाठ आवळायची राहिली होती. ठकीनं सवयीनं ती ओठांकडे नेली – आणि थांबली. त्याचे डोळे थेट तिच्या ओठांवर होते. तिचे कान तापले. हात खाली आला. तिनं गाठ तशीच आवळली आणि काठी त्याच्या हातात दिली.

तो गेला. आतल्या खोलीतून बाबा खोकत म्हणाले, "ठके, गाठ ओली केलीस ना गं? कोरडी आवळली की दोरा घासून तापतो. ऐन वेळी तुटतो."

स्वेटरही न घालता ठकी पळत सुटली.

तळ्यावरच्या धक्क्याच्या फळ्यांवर डॉक्टर पालथा पडला होता. तिला बघताच त्यानं ओठांवर बोट ठेवलं. खाली, स्वच्छ पाण्यात, गोट्यांवर पिवळा दाणा दिसत होता. दूरवरून एक रुंद सावली त्याच्याकडे सरकत होती.

ठकी अलगद त्याच्या शेजारी पालथी झाली. "दोरा ओढून घ्या," ती कुजबुजली. "गाठ कच्ची आहे."

"आता ओढला तर तो पळेल."

"आणि तुटली तर गळ तोंडात घेऊन पळेल!"

"तुमची गाठ कच्ची कशी?"

"कोरडीच आवळली."

"विसरलात?"

"नाही."

"मग?"

सावली थबकली. कल्ले हलले. ठकीला आपलाच श्वास मोठा वाटू लागला.

"ती… ओठांत धरून ओली करावी लागते. आणि तुम्ही बघत होतात."

डॉक्टर हळूच मान वळवून तिच्याकडे बघत राहिला.

"मासा तिकडे आहे," ती पुटपुटली.

"ठाऊक आहे."

तेवढ्यात दाणा नाहीसा झाला आणि रीळ किंचाळलं! डॉक्टरनं काठी उचलली ती तिच्याच हातात दिली. "गाठ तुमची. किती ताण सोसेल ते तुम्हालाच कळेल."

ठकीनं रीळ सैल केलं. मासा बुडालेल्या झाडांकडे धावला. मोकळा सोडला तर फांद्यांत अडकणार, आवळला तर दोरा तुटणार… ती बोटाच्या टोकानं रीळ दाबत होती, सोडत होती. "ये रे, ये माझ्या राजा…"

"मला म्हणताय?" हातजाळी घेऊन डॉक्टर कमरेएवढ्या पाण्यात उतरला होता. दात वाजत होते.

"गप्प बसा हो!"

मासा दमला. कडेला आला. जाळीत शिरला मात्र – आणि टक्कन गाठ सुटली.

डॉक्टरनं डागावरून बोट फिरवलं, भिंग लावून पाहिलं, पुन्हा पाहिलं. विचारायचा धीर ठकीला होईना.

"फांदीला घासून खरचटलंय," तो अखेर म्हणाला. "जखम भरत आलीय. रोग नाही."

ठकीनं हातातली काठी खाली ठेवली. त्यानं गळ काढला, जखमेला औषध लावलं आणि मासा सोडला. तो क्षणभर तिथंच घोटाळला, मग खोल पाण्यात गेला.

"म्हणजे… तुमचं इथलं काम संपलं," ती पाण्याकडे बघत म्हणाली.

"तळ्यातलं संपलं. पण असा भिजून जाऊ कुठं? तुमच्याकडे शेकायला जागा असेल ना?"

"आहे. पण बाबा आहेत घरात."

"त्यांना विचारतो. काय हाक मारू? काका?"

"आत्ता काकाच म्हणा," ती म्हणाली आणि तिनं जीभ चावली.

"आत्ता?"

ठकी जाळी उचलून भराभरा चालू लागली. मागून ओले बूट पचपचत घाईनं येत होते.

"अहो, थांबा तरी! आत्ता म्हणजे?"

"डॉक्टर आहात ना? ओळखा!" ती मागे न बघताच म्हणाली. चाल मात्र तिनं हळू केली.