आबांना ऐकू आलेली ओळ

आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, सुगंधाबाई माहेरी आली ती मनाशी ठरवूनच, की या खेपेला आबांना धुरपदाबाईचं गाणं दाखवायचं. ऐकवायचं नाही, दाखवायचं. कारण तिचे वडील, वनाआबा, ठार बहिरे झाले होते. उमेदीची वर्षं कापसाच्या जिनिंगच्या घरघराटात गेली, त्यात कान मंदावले, आणि पुढे एका तापात उरलंसुरलंही गेलं. आता घरातली माणसं खुणांनी बोलत. सुगंधाबाई मात्र त्यांच्यासमोर बसून सावकाश ओठ हलवी आणि आबांना तिचं बहुतेक सगळं कळे.

गोष्ट रेडिओच्या दिवसांतली आहे, सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी सालची. जळगाव केंद्रावर धुरपदाबाईचं गाणं लागलं की पारावरची चिलीम विझायची. बाई धुळ्याकडची, साठीला आलेली. आवाज असा, की माहेर सोडून वीस वर्षं झालेल्या बायकांच्याही डोळ्यांत पाणी उभं राहावं. कान शाबूत होते तेव्हा आबांनी तिचं एकही गाणं चुकवलं नव्हतं. पण तिला डोळ्यांनी पाहण्याचा योग कधी आला नाही. आणि यंदा फैजपूरच्या पलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याला करंजखेडे गावी आखाजीनिमित्त तिचं गाणं ठेवलं होतं.

"बहिऱ्या मान्साले गानं दाखवाले नेतीस?" तिचा भाऊ अभिमन वैतागला. "ऊन पाह्य जरा कसं तापलं ते!"

"देवळात जातो तवा देव काय बोलतो का आपल्याशी?" सुगंधाबाई म्हणाली. "तरी जातोच ना?"

आबांनी दोघांच्या तोंडांकडे पाहून काय ते ताडलं आणि धुतलेली टोपी डोक्यावर चढवली. "तिले पाह्यलं म्हनजे झालं," ते म्हणाले. बहिऱ्या माणसाचं बोलणं, वर-खाली न होणारं, एकाच पट्टीतलं. "मंग माहं काही राह्यलं नाही."

सकाळच्या पॅसेंजरने दोघं बोदवडहून भुसावळला उतरली, तिथून एस.टी.ने फैजपूर आणि पुढे एका टेम्पोत बसून करंजखेड्याच्या फाट्यावर. फाट्यावर निंबा नावाच्या माणसाची चहाची टपरी होती. बाकी चिटपाखरू नाही. ऊन डोक्यावर आलं होतं, डांबर पायाखाली मऊ लागत होतं.

"गाणारी मंडळी गेली का पुढं?" सुगंधाबाईने विचारलं.

"त्यायची जीप मागं बंद पडली म्हनतात," निंबा म्हणाला. "तुम्ही असं करा, रस्त्यानं नका जाऊ, ऊन लागीन. ही बागेतली वाट धरा. सावली हाये, जवळबी पडीन. फक्त वाट सोडू नका, अक्का. केळीत शिरलेल्या मान्साले दिशा उमगत नाही."

वाट केळीच्या बागांमधून जात होती. दहा पावलांत डांबर, ऊन, टपरी सगळं मागे राहिलं आणि अंगावर ओला गारवा आला. दोन्हीकडे केळीच्या रांगा. पानं वरच्या वर एकमेकांत गुंतलेली, त्यामुळे उजेड खाली यायचा तो गाळून, हिरवट होऊन. आबांचा पांढरा सदराही त्यात हिरवा दिसू लागला. चिखलाचा, कुजलेल्या पानांचा, केळीच्या चिकाचा जड वास होता. लांब कुठेतरी पाण्याचं इंजिन ठक-ठक करत होतं. वारा नव्हता, तरी बुंध्यांवर लोंबणारी वाळकी पानं मधूनच खसखसत, जणू आत रांगेतून कुणी अंग चोरून चाललं आहे.

सुगंधाबाईने पदर डोक्यावर नीट घेतला. भर दुपारची वेळ, भीती कसली वाटायची, असं तिने स्वतःला बजावलं.

आणि मग आबा थांबले.

थांबले ते असे, की पुढे टाकलेलं पाऊल तसंच राहिलं. त्यांनी मान डावीकडे कलती केली. कितीतरी वर्षांत सुगंधाबाईने त्यांना अशी मान कलती करताना पाहिलं नव्हतं. बहिरा माणूस कान देत नाही. तो डोळे देतो. पण आबांचे डोळे मिटलेले होते.

"कोन गाऊन राह्यलं?" ते म्हणाले.

तिने कान टवकारले. इंजिन. पानं. दुसरं काहीच नाही. ती त्यांच्यासमोर आली, ओठ हलवून म्हणाली, "कुनीच नाही, आबा."

"असं कसं? आइकू येते मले." त्यांच्या चेहऱ्यावर एखाद्या पोरासारखा आनंद पसरला होता. "बाई हाये... आतमंधी... गाऊन राह्यली..."

ऊन डोक्यात गेलं यांच्या, हेच तिच्या मनात पहिलं आलं. अभिमन म्हणत होता तेच खरं. तिने फिरकीच्या तांब्यातलं पाणी पुढे केलं, पण आबांनी तांब्या हाताने बाजूला सारला. आणि वाट सोडून ते सरळ रांगांमध्ये शिरले.

"आबा!" ती ओरडली. ओरडून काय उपयोग! इथे नसलेलं त्यांना ऐकू येत होतं, आणि पाठीशी असलेली लेक मात्र नाही.

ती मागोमाग धावली. एरवी दारापर्यंत जाताना धाप लागणारे आबा आज झपाझप चालत होते. एक रांग, दुसरी, तिसरी. ओल्या मातीत तिची चप्पल रुतली, ती उपसून वर पाहते तो समोर कुणीच नाही. पुढे केळी. मागे केळी. वळून पाहिलं, तर आपण कुठून आलो तेही कळेना. सगळे बुंधे एकसारखे, सगळ्या पानांच्या चिंध्या एकसारख्या.

तेवढ्यात इंजिन बंद पडलं.

इंजिनच्या आवाजाचा केवढा आधार होता ते तिला आत्ता कळलं. बाग एकदम गप्प झाली. पानही हलेना. तिला आपल्याच छातीतले ठोके ऐकू येऊ लागले. आपल्या मागे कुणीतरी उभं आहे, अगदी एका रांगेपलीकडे, असं तिला वाटलं; पण मान वळवायचा धीर होईना.

आणि त्या शांततेत आबांचा आवाज आला.

आबा गात होते. एकाच पट्टीत बोलणारे तिचे आबा सुरात गात होते.

*आंबानी सावली लांब लांब जास,*
*लेक मनी पुढे, मी मांगे मांगे येस...*

ही बोली त्यांची नव्हती. ही तिकडची, धुळ्याकडची. आंब्याची सावली लांब लांब जाते, लेक माझी पुढे चालते आणि मी तिच्या मागे मागे येते... आबांच्या तोंडी ही ओळ तिने जन्मात ऐकली नव्हती. आणि आबा ती सलग म्हणत नव्हते. एक ओळ म्हणायचे, मग थांबायचे. बरोब्बर एका ओळीएवढं थांबायचे. शाळेत गुरुजी आधी म्हणतात आणि पोरं मागून म्हणतात, तसं.

त्या थांबण्याच्या जागी ती कान देऊन उभी राहिली. तिथे काहीच नव्हतं. पण जे नव्हतं ते दर वेळी थोडं थोडं पुढे सरकत होतं, आणि आबांचा आवाज त्याच्या मागून जात होता.

ती त्या आवाजाच्या रोखाने निघाली. चिकाच्या डागांनी लुगडं भरलं, पानांनी हात कापले. शेवटी रांगा संपल्या आणि पाण्याचा एक कोरडा पाट लागला. पाटाच्या कडेला आबा गुडघे टेकून बसले होते.

"थांबलं," ते म्हणाले. "आत्ता थांबलं पाह्य गानं."

पाटात एक बाई पडली होती. म्हातारी, हिरवं नऊवारी, कपाळावर मोठं कुंकू. चेहरा तापलेल्या विटेसारखा लाल, ओठ पांढरे फटक.

सुगंधाबाईची भीती कुठल्या कुठे गेली. तिने बाईचं डोकं मांडीवर घेतलं, पदर भिजवून कपाळावर ठेवला, शिदोरीतला कांदा बुक्कीने फोडून नाकाशी धरला. आबा टोपीने वारा घालू लागले. बऱ्याच वेळाने बाईच्या पापण्या हलल्या. घोटभर पाणी आत गेलं, थोडं बाहेर सांडलं.

"माय कोठे गई?" बाई पुटपुटली.

रेडिओवर इतक्या वेळा ऐकलेला तो आवाज तिने हजार आवाजांत ओळखला असता. तिने आबांकडे वळून ओठ हलवले. "आबा... धुरपदाबाई."

आबांनी टोपी छातीशी धरली आणि बघतच राहिले.

बाई थोडी सावरल्यावर काय झालं ते तिने तुटक तुटक सांगितलं. जीप बंद पडली, मंडळी ढकलत बसली. हिला तहान लागली होती, बागेतल्या इंजिनचा आवाज ऐकून पाण्यासाठी ती एकटीच आत शिरली. वाट चुकली. आधीच उन्हाने पोळलेली, फिरून फिरून डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ती पाटात कोसळली.

"पन तुमले कसं समजनं मी आठे शे ते?" तिने विचारलं. आपण इथे पडलो आहोत हे यांना कळावं, याचंच तिला नवल वाटत होतं.

"आबांनी तुमचं गाणं ऐकलं ना," सुगंधाबाई म्हणाली.

"मन्हं गानं?" बाईने मान हलवली. "मनी जीभ टाळूले चिकटेल व्हती, बहीन. मी साधी हाक बी मारी शकनू नही."

सुगंधाबाईने तिला ती ओळ सांगितली. चाल तिला नीट जमली नाही, पण शब्द तेच.

बाई धडपडत उठून बसली. मग हळूच म्हणाली, "ही मनी मायनी ओळ शे. घट्यावर दळता दळता म्हने ती... फक्त मन्हाकरता. मी ती कोठेच गायेल नही. रेडिओवर नही, जत्रामा नही. बठ्ठं जग फिरनू, पन ती ओळ मी कोनलेच दिधी नही."

"तुमची माय... कुठं असते?"

"मी धाकली पोर व्हतू, तवयच गई ती."

वरची पानं पुन्हा हलू लागली. सुगंधाबाईने मोठमोठ्याने हाका मारल्या, तेव्हा इंजिन पाहायला आलेला पुना नावाचा पाणीवाला बैलगाडी घेऊन आला. त्याच गाडीत घालून त्यांनी बाईला करंजखेड्यात नेलं. जीपवाली मंडळी तोवर तिला शोधत फाट्यापर्यंत जाऊन आली होती. तिला पाहून ढोलकीवाला म्हातारा हमसून हमसून रडला.

आज गाऊ नका, असं सगळ्यांनी बजावलं. पण दिवेलागणीला धुरपदाबाई मांडवात येऊन बसलीच. कडुनिंबाच्या झाडांना आखाजीचे झोके बांधलेले, माहेरवाशिणींची दाटी झालेली. वनाआबांना तिने सगळ्यांच्या पुढे, आपल्यासमोर बसवून घेतलं. "आज पहिलांदा मी मन्या मायनं गानं म्हनस," ती म्हणाली, आणि तिने ती ओळ उचलली.

आवाज थकलेला होता, पण मांडवातलं कुणी हललं नाही. झोके थांबले. सुगंधाबाईने आबांकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ओठ हलत होते. शब्द चुकत नव्हते. उलट दर ओळीला ते बाईच्या किंचित आधी असत.

तिने खुणेने विचारलं, ऐकू येतंय?

आबांनी मान हलवली. नाही. मग हसून म्हणाले, "पन दिसून राह्यलं ना. झालं माहं समाधान."

त्या दिवसापासून आबांना पुन्हा कधी काही ऐकू आलं नाही, आणि त्याचं त्यांना वाईटही वाटलं नाही. निघताना धुरपदाबाईने त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं, वडिलांच्या पायांवर ठेवतात तसं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.त दोघं खिडकीशी बसली. गाडी बागांच्या कडेने चालली होती. डोंगरावरून उतरतं गार वारं, कोवळं ऊन, मागच्या बाकांवर भाजीवाल्यांच्या गप्पा. आबा तिच्या खांद्यावर डोकं टेकून झोपले होते. खूप दिवसांनी सुगंधाबाईचं मन असं हलकं, निवांत झालं होतं. तीही पेंगुळली.

तेवढ्यात खिडकीच्या अगदी जवळ कुणीतरी घसा साफ केला.

गाणं सुरू करण्याआधी करतात तसा, हलकेच. तिने दचकून डोळे उघडले. बाहेर केळी मागे पळत होत्या. गाडीतली माणसं आपापल्या नादात होती. कुणी मानही वळवली नव्हती. आणि मग ओळ सुरू झाली. सुगंधाबाईला ती स्पष्ट ऐकू आली, शब्दन् शब्द.

ती मायची ओळ नव्हती. बोलीही धुळ्याकडची नव्हती. आवाज कोवळा होता, जेमतेम परकर नेसणाऱ्या एखाद्या पोरीचा. एक ओळ झाली की तो थांबे, काल आबांसाठी कुणी थांबत होतं तसा. बरोब्बर एका ओळीएवढा.

क्षणभर सुगंधाबाईने खिडकीची काच लावून घ्यायला हात नेला. मग तोच हात वर करून तिने घंटीची दोरी ओढली.

"इथं कुठं उतरता, ताई?" कंडक्टर म्हणाला. "इथं गाव नाही का वस्ती नाही. नुसत्या केळी आहेत."

"असू द्या," ती म्हणाली. "थांबवा गाडी."

गाडी थांबली. आबा जागे झाले. त्यांनी लेकीच्या तोंडाकडे नीट पाहिलं, आणि काही न विचारता टोपी घालून तिच्याआधी खाली उतरले.