बारा मेचा फोटो

बायडीनं ओले बूट दाराशी काढले आणि फोटो टेबलावर आपटला.

"मामा, फुटबॉल कमिटीवाले मला एक वर्ष बाहेर बसवनार हायेत. आनि मी बसनार नाय!"

झुंबरमामा म्हणजे जुना रेफ्री. शिट्टी सुटली, खोड सुटली नाही. आता बोईसरला पंक्चरच्या दुकानामागे बसून लोकांच्या लबाड्या शोधायचा. विनोद त्याचा जोडीदार. कंपनीतली पाळी संपली की वही घेऊन हजर. वही भरायची, डोक्यात काही उतरायचं नाही.

फोटो दुरून काढलेला. नवापूरचा किनारा. पाठमोरी बायडी, समोर पालघरच्या बड्या क्लबचा मॅनेजर विक्रम, तिला जर्सी देताना. मागे वाळूवर ओढलेल्या होड्यांची रांग, सगळ्यांवर निळं प्लास्टिक. सोबत कमिटीला आलेली निनावी चिठ्ठी: 'बारा मे, संध्याकाळी पाच.'

"सालवडच्या क्लबशी तुझा करार कधीपर्यंत होता?" मामानं विचारलं.

"एकतीस मे. ह्यो फोटो जूनमधला हाय. पन ऐकतंय कोन?"

विनोदनं डोकं खाजवलं. "मे काय, जून काय, फरक काय पडतो?"

"अरे बाबा, करार चालू असताना दुसऱ्या क्लबनं खेळाडूशी परस्पर बोलायचंच नाही. आधी तिच्या क्लबला लेखी विचारायचं. मे असेल तर ही आणि विक्रम दोघं अडकले. जून असेल तर सुटले. म्हणून तर त्या दोघांच्या शब्दाला कमिटीत किंमत नाही."

"आमचे कोच प्रदीप सर म्हनतात, करार वाढव, कमिटीचं मी बगतो." बायडीनं एक कोरा फॉर्म पुढे केला. "उद्या सुनावणी हाय. पन घाबरून सही? मेले तरी नाय."

मामाच्या डोळ्यांत खट्याळ चमक आली. "विन्या, गाडी काढ."

पहिला विक्रम, मैदानावर सापडला. "फोटो मी पाठवीन? माझीच मान अडकलीय त्यात! बारा जूनला भेटलो आम्ही. वाळूवर सराव होता आमचा."

"बरं. उद्या येताना दोन किलो ताजे बोंबील आण."

"जुलैत?" विक्रम हसला. "बर्फातले चालतील?"

मग नवापूरला दीपाकडे. सालवडची राखीव गोलकीपर; बायडी बाहेर बसली की गोलात हीच.

"घर किनाऱ्यावर म्हनून मी फोटो काढला?" दीपा कडाडली. "तिची जागा मला पायजेच. पन मैदानात हरवून घेईन!"

"घे की. पण उद्या ताजे बोंबील आण."

"खुळावलास काय मामा? एक जूनपासून मासेमारीला बंदी हाय. व्होड्या वर वढून प्लास्टिकनं शाकारून ठेवल्यात, आता ऑगस्टात पाण्यात जातील."

शेवटी सालवडला प्रदीप. क्लबचा प्रशिक्षक, तोच सेक्रेटरी. कामासाठी लातूरहून आलेला.

"नवापूरला मी कधी गेलोच नाही. मी शाकाहारी माणूस, माझं काय काम तिथं?"

"मग माझे बोंबील?"

"आणतो की! सकाळी बाजारातून ताजे घेऊन येतो. पोरीसाठी काहीही."

परतताना विनोद वैतागला. "मामा, केस फुटबॉलची की मासळीची?"

"तुला कोण वाटतं?"

"दीपा. घर तिथं, फायदा तिचा."

"लिहून ठेव. उद्या खोड."

दुसऱ्या दिवशी पालघरला कमिटीच्या खोलीत अध्यक्षा वत्सलाबाईंसमोर सगळे जमले. प्रदीप रिकाम्या हातानं आला.

"बाजार पालथा घातला, मामा. आज होड्याच आल्या नाहीत म्हणे."

दीपा फिसकन हसली. "आज? दीड महिना झाला, सर!"

मामानं फोटो वत्सलाबाईंपुढे सरकवला. "बाई, होड्या बघा. सगळ्या वर ओढलेल्या, सगळ्यांवर प्लास्टिक. बारा मेला भर हंगामात एकही होडी अशी दिसणार नाही. शाकारतात त्या बंदी लागताना. म्हणजे फोटो जूनचाच. पाठवणाऱ्यानं महिना बदलला, किनारा बदलायचा राहिला."

"पण पाठवला कुणी?" वत्सलाबाईंनी विचारलं.

"विक्रम स्वतःलाच अडकवणार नाही. दीपा नवापूरची, या होड्यांवर मेची तारीख ती झोपेतही घालणार नाही. ही चूक त्याचीच, ज्याला बंदी ठाऊक नाही. म्हणून तर मी बोंबील मागत फिरलो. दोघांनी मला वेड्यात काढलं. एक जण पिशवी घेऊन बाजारात गेला."

प्रदीप ताडकन उठला. "तीन वर्षं घडवली मी हिला! आणि ही दुसऱ्याची जर्सी घेऊन हसते?"

"फोटोत ती पाठमोरी आहे, सर," मामा हळूच म्हणाला. "हसू तुम्हाला कुठून दिसलं?"

प्रदीप खाली बसला. विनोदनं वहीतलं दीपाचं नाव गुपचूप खोडलं.

वत्सलाबाईंनी तक्रार फेटाळली आणि प्रदीपला खुलासा लिहून द्यायला सांगितलं. प्रदीपनं दिलेला फॉर्म बायडीनं चुरगाळला आणि दाराशी जाऊन आपल्या ओल्या बुटात कोंबला. पाणी शोषायला कागद बरा.

विक्रम लगबगीनं पुढे झाला. "बायडी, आता आमचा फॉर्म..."

"द्या. आदी वाचनार, मग ठरवनार," बायडी म्हणाली. "दुसरा बूट बी ओलाच हाय."