सेटची बेचाळिसावी चिठ्ठी

तिचा चष्मा वाकला तो शब्दकोशामुळे. कोशाच्या कचेरीत वरच्या फळीवरून चिठ्ठ्यांचा खोका काढताना तो थेट नाकावर आला आणि चष्म्याची डावी काडी अशी फाकली, की समोरचं सगळं तिरकं दिसू लागलं. नशीब, गल्लीच्या तोंडाशीच चष्म्यांचं दुकान होतं. एक डोळा मिटून ती आत शिरली.

"बसा," काउंटरमागचा तरुण म्हणाला. "दोन मिनिटांत सेट करून देतो."

त्यानं काडी गरम हवेवर धरली, अंगठ्यानं हलकेच वळवली आणि चष्मा तिच्या डोळ्यांवर चढवला. कानामागे ऊबदार बोटं क्षणभर टेकली...

"टोचतंय?"

"नाही. पण तुम्ही मघाशी काय म्हणालात?"

"बसा, म्हणालो."

"त्यानंतर."

"...सेट करून देतो?"

तिनं पर्समधून कोरी चिठ्ठी काढली. वाक्य लिहिलं. बोलणारा – चष्मेवाला. तारीख.

"पोलिसांत आहात का?" त्यानं विचारलं.

"शब्दकोशात. मराठीत रुळलेल्या इंग्रजी शब्दांचा कोश. माझ्या वाट्याला 'सेट' आलाय."

"एवढासा शब्द? जेवणाच्या सुट्टीआधी संपेल की!"

"चोवीस चिठ्ठ्या झाल्या, तरी संपत नाहीये," ती उत्साहानं सांगू लागली. "केस सेट करतात, प्लास्टर सेट होतं, कपांचा सेट येतो, खेळाडू सेट हरतो, नाटकाचा सेट उभा राहतो. आणि मुलगा नोकरीला लागला, की आई म्हणते, सेट झाला एकदाचा!"

"आणि लग्नाचं नाव काढत नसला, की आत्या म्हणते, ह्याचं कुठेतरी सेट करा रे!" आतल्या खोलीतून आवाज आला. "लिही गं. बोलणारी – ह्याची आत्या."

त्याचे कान लाल झाले. तिनं निमूटपणे पंचविसावी चिठ्ठी लिहिली.

मग ती येतच राहिली. कधी स्क्रू सैल, कधी काच पुसायला. तोही कामाला लागला. न्हाव्याकडे गेला, व्यायामशाळेत गेला, आणि ऐकलेली वाक्यं चष्म्याच्या डबीत घडी करून ठेवू लागला. आत्या तिला 'कोशवाली' म्हणायला लागली. नियम तिनं पहिल्याच दिवशी बजावला होता – नवा अर्थ तीन माणसांच्या तोंडून, न विचारता ऐकू आला पाहिजे. कानावर पडलं तेच लिहायचं, मनचं काही नाही.

एके दिवशी ती म्हणाली, "शुक्रवारी 'सेट' बंद. नोंद पसंत पडली तर मला कायम करणार आहेत, असं बाई म्हणाल्या." बाई म्हणजे मुख्य संपादक.

"वा," तो म्हणाला आणि स्वच्छ असलेली काच बराच वेळ पुसत राहिला. "मग... पुढचा शब्द कुठला?"

"'व्हॉल्व्ह'. नळवाल्यांकडे जावं लागणार."

दुसऱ्या दिवशी त्यानं तिला दारातच गाठलं. "आमच्या धंद्यातला एक राहिलाच! नवा चष्मा डोळ्यांना सरावेपर्यंतचे दिवस – त्याला सेट म्हणतात. आत्ताच एक गिऱ्हाईक म्हणालं, आज माझ्या सेटचा सतरावा दिवस." तेवढ्यात शेजारचा शिंपी डोकावला आणि म्हणाला, "माझ्याही सेटचा सतरावा दिवस, बरं का." आतून आत्याही तेच म्हणाली. तिघं झाले! हरखून तिनं बेचाळिसावी चिठ्ठी लिहिली आणि गठ्ठा बाईंच्या टेबलावर ठेवला.

शुक्रवारी सकाळी ती नोंद तपासायला बसली आणि तिचा हात थांबला. तिची पदवी संख्याशास्त्राची होती. तीन माणसं, तीन चष्मे आणि तिघांचाही सतरावाच दिवस? खऱ्या माणसांचे आकडे असे एका रांगेत उभे राहत नाहीत.

ती तडक दुकानात गेली. "गिऱ्हाईक कोण होतं?"

त्यानं हातातली चष्म्याची डबी उगाचच उघडून मिटली.

"कोणीच नव्हतं ना? शिंप्याला पढवलंत, आत्यांना पढवलंत!"

"मी नको म्हणत होते," आत्या आतून म्हणाली. "पण ह्याचं तोंड बघवेना."

"एक चिठ्ठी खोटी निघाली, तर एक्केचाळिसांवर कोण विश्वास ठेवेल? माझ्यावर कोण ठेवेल?"

"चुकलंच माझं." त्यानं मान खाली घातली. "शब्द संपला, की तू येणार नाहीस... एवढंच डोक्यात होतं."

तो 'तू' म्हणाला, हे दोघांच्याही एकदमच लक्षात आलं.

"आणि सतराच का?"

"ह्या दुकानातली तुझी पहिली चिठ्ठी बघ. त्या तारखेपासून बेचाळिसाव्या चिठ्ठीपर्यंत दिवस मोज."

तिनं मोजलं नाही. गणित तिला तोंडी येत होतं. राग मात्र तसाच घेऊन ती बाईंकडे गेली आणि सगळं सांगून टाकलं. बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "सगळ्या चिठ्ठ्या पुन्हा तपास. एक महिना. तोवर कायम करण्याचं राहू दे. आणि बेचाळिसावीबरोबर त्या मुलानं आणलेल्या बाकीच्या नऊही काढून टाक."

"त्या नऊ खऱ्या आहेत," दारातून आवाज आला. तो धापा टाकत उभा होता. "जिथे जिथे ऐकल्या, तिथे नेतो मी."

महिनाभर तो दुकान आत्यावर सोपवून दुपारी तिच्याबरोबर हिंडला. न्हावी, व्यायामशाळा, गवंडी. तो लांब उभा राहायचा, तोंडावर बोट ठेवून, ती ऐकायची. नऊपैकी आठ जशाच्या तशा पुन्हा कानावर पडल्या. नववी तिनं स्वतःच फाडली. नोंद छापायला गेली, ती कायम झाली आणि त्याच आठवड्यात तिच्या चष्म्याचा नंबर वाढला.

नवा चष्मा लावून ती दुकानाच्या पायरीवर अडखळली, तेवढ्यात आईचा फोन आला. "अगं, काही नाही... पायरी चुकते जरा. सेट चालू आहे अजून."

फोन ठेवला आणि तिनं जीभ चावली. काउंटरमागून एक कोरी चिठ्ठी हळूच पुढे सरकली.

"मी काही पढवलं नव्हतं हं," तो म्हणाला. "अजून दोघं हवेत."

"मिळतील. घाई कुठे आहे?"

"मला सतराव्या दिवशी कळलं होतं," तो चिठ्ठीकडेच बघत म्हणाला. "तुला...?"

तिनं चष्मा काढून त्याच्या हातात दिला, आणि त्यानं तो पुन्हा तिच्या कानांमागे नीट बसवेपर्यंत थांबली.

"पहिल्याच दिवशी," ती म्हणाली. "टोचतंय का, असं विचारलंस ना, तेव्हा."